कानबाईच्या डोळ्यांची जागा

चेहरा काढायला कुठे शिकलात, असं कोणी विचारलं की मी सांगते, सुरतेला, सासूबाईंकडे. ऐकणाऱ्याला वाटतं सासूबाई ड्रॉइंगच्या शिक्षिका असतील. त्यांनी आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती, आणि ज्या श्रावणात त्यांनी मला शिकवलं त्या श्रावणात तर पेन्सिल समोर धरली असती तरी त्यांना दिसली नसती. तरीही शिकवलं त्यांनीच. आज मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढून माझं घर चालतं आणि त्या प्रत्येक चित्रात माणसांची तोंडं असतात, तेव्हा हे एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

प्लेगच्या साली सगळी सुरत रिकामी झाली होती, त्यानंतरचा हा दुसरा श्रावण. आम्ही पांडेसऱ्याला राहत होतो. नवरा प्रोसेसिंग मिलमध्ये रंगखात्यात, सासरे त्याच मिलच्या गेटवर, आणि मी रिंगरोडवरच्या एका डिझाइन स्टुडिओत. साड्यांची फुलं कागदावर काढायची, मग प्रत्येक रंगाचं वेगळं ट्रेसिंग करायचं, असं माझं काम. गुलाब, कमळ, कैरी, वेल, काय सांगाल ते मी डोळे मिटून काढत असे. हात चांगला आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ते मी स्वतःच चारचौघांत सांगत असे.

माझं माहेर विदर्भातलं. वडील लूमवर कामाला म्हणून सुरतेला आलेले. नवरा खान्देशचा. लग्न आम्ही आमच्या मनाने केलं. सासूबाईंनी घरात घेतलं, जेवूखाऊ घातलं, आजारपणात काढाही दिला, पण चार वर्षांत एकदाही ‘सून’ म्हटलं नाही. शेजारणीशी बोलताना माझा उल्लेख ‘ती’. ती कामावर जाते, तिला तिखट लागत नाही, तिला आमच्या रीती कुठून ठाऊक. माझ्याही नाकावर राग, त्यामुळे मी पण विचारायला जात नसे. एका खोलीत आणि एका मोरीत दोन बायका अशा राहत होत्या की भांड्याला भांडं लागायचं, पण शब्दाला शब्द नाही.

सासूबाईंना गल्लीत मान होता तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे त्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायच्या. पायांवर बाळ घ्यायचं, तेल जिरवायचं, डोक्याला गोल आकार द्यायचा, नाक चिमटीत धरून वर काढायचं. आमच्या गल्लीत तेव्हा जी पोरं हुंदडत होती त्यांतल्या निम्म्यांची नाकं सासूबाईंनी सरळ केलेली होती. उरलेल्या निम्म्यांकडे बघून त्या ‘माले बलावं नही’, मला बोलावलं नव्हतं, एवढंच म्हणायच्या.

दुसरी गोष्ट कानबाईची. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशी घरांत कानबाई बसते. मूर्ती नसते, नारळ हाच देवीचा चेहरा. आमच्या घरची रीत अशी की शेंडी ठेवून नारळ गुळगुळीत घासायचा, त्याला हळदीचा लेप द्यायचा, तो वाळला की काजळाने डोळे आणि भुवया काढायच्या, कुंकवाने ओठ, आणि पिठाचं नाक लावून त्यात नथ अडकवायची. मग साडी नेसवून, दागिने घालून देवीला चौरंगावर बसवायचं. भाऊबंदांची मिळून एकच कानबाई, आणि ती आमच्या खोलीत बसायची, कारण तोंड काढायचं ते सासूबाईंच्या हाताने. त्या दिवशी चलथाणच्या साखर कारखान्यातले दीर येत, इच्छापोरहून नणंदा येत, जागा नसायची म्हणून पुरुष बाहेर ओट्यावर बसत. वर्षभर मोरीशी वाकलेल्या सासूबाई त्या दिवशी ताठ बसायच्या आणि सगळे त्यांच्या पाया पडायचे.

पलीकडच्या गल्लीत माझ्या चुलतसासूबाई होत्या. त्यांची खोली मोठी, पुढे पत्र्याची शेड. बाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, हात थकला की कानबाई आमच्याकडे, असं त्या दोन वर्षांपासून हसत हसत म्हणायच्या. हसत म्हणायच्या म्हणून कोणाला भांडताही येत नसे.

तर त्या श्रावणात, नागपंचमीला दोनेक आठवडे असतील, एका दुपारी मी सुट्टीची घरी होते. सासूबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. तोंड रस्त्याकडे, आणि बोटं ताटात. एकेक दाणा चाचपून खडा बाजूला टाकत होत्या. मी बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी चहा ओतला, तो कपाशेजारी ओट्यावर ओतला आणि फडक्याने असा पुसला की जणू आधीपासूनच तसं करायचं होतं.

“आई, तुम्हाला दिसत नाही का?” मी विचारलं.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दवाखान्यात त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या, रस्ता पायाखालचा होता म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून पिकू द्या, दिवाळीनंतर काढू. त्या काळी तसंच सांगत. उजेड-अंधार कळायचा, माणूस उभा आहे हे कळायचं, त्यापुढे काही नाही. मुलाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आता मूठ उघडायचा दिवस जवळ येत होता.

चहाचं फडकं पिळता पिळता त्यांनी मला विचारलं, “तू कपडावर फुलं काढस ना?”

“काढते की.”

“तोंड येस का काढता?”

चार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही येतं का असं विचारलं होतं. “येतं ना, त्यात काय!” असं मी ठोकून दिलं. आयुष्यात तोंड काढलं नव्हतं. साडीवर तोंडं कोण छापतं?

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जेवणाच्या सुट्टीत मी पहिला चेहरा काढला. लांबट गोल, वर दोन सुंदर डोळे, पापण्या अशा की कमळाच्या पाकळ्या. आमचे स्टुडिओवाले काका, साठीचे सुरती गृहस्थ, पान चघळत मागे येऊन उभे राहिले आणि खो खो हसले.

“अरे बेन, आंखो तो कपाळमां चडी गई!” डोळे कपाळात चढलेत म्हणे. “अडधो अडध राखो, अडधो अडध.”

म्हणजे डोळे निम्म्यावर हवेत. त्यापुढचं त्यांनाही सांगता येईना, तेही फुलांचेच कारागीर. मला ते पटलं नाही. डोळ्यांच्या खाली नाक आहे, ओठ आहेत, हनुवटी आहे. वर नुसतं कपाळ. मग निम्मं कसं असेल? घरी आरशासमोर स्टीलची पट्टी धरून मोजलं. डोळ्यापासून हनुवटी जेवढी, तेवढंच डोळ्यापासून टाळू. पट्टी खोटी असेल म्हणून नवरा दाढी करत होता त्याच्या डोक्यावर ती उभी धरली. तो फेसाच्या तोंडाने ओरडला, पण माप तेच आलं. केसांखालचं डोकं आपण धरतच नाही, सव्वीस वर्षं रोज आरसा बघून मला हे कळलं नव्हतं. मी खजील झाले, पण कोणाला कळू दिलं नाही.

आता नियम सापडला म्हटल्यावर मला जोर चढला. एक नारळ आणला, घासला, हळद लावली. आणि मग मी ते केलं जे साडीच्या कारागिराशिवाय कोणी करणार नाही. कैरी काढायची तर आम्ही पूर्ण काढत नाही. बटर पेपर मधोमध दुमडायचा, अर्धी कैरी काढायची, कागद उलटून घासायचा, की दुसरी बाजू आपोआप हुबेहूब उतरते. वेळ वाचतो, चूक होत नाही. तोंडाचंही तेच केलं. अर्धं कपाळ, एक भुवई, एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ, आणि उलटून घासलं. मापाला चोख. एका रेषेचा फरक नाही.

नारळावर उतरवल्यावर मात्र त्या तोंडाकडे मला बघवेना. काहीही चुकलेलं नव्हतं आणि तरी त्या तोंडात कोणीच नव्हतं. अगरबत्तीच्या पुड्यावर छापतात तशी बाई. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून मी नारळालाच नावं ठेवली, की हा लांबट निघाला.

“कसं व्हयनं?” सासूबाईंनी विचारलं.

“छान झालंय.”

“आवाज तं रडका शे तुना.”

मग त्यांनी उलटतपासणी सुरू केली. डोळ्यापासून शेंडीपर्यंत बोटं किती? डोळ्यापासून खाली किती? मी बोटं ठेवून सांगितलं. त्या मान हलवत होत्या. “दोन्ही भुवया?”

“एकदम सारख्या,” मी अभिमानाने म्हटलं, “कागद दुमडून काढल्यात.”

सासूबाई हसल्या. चार वर्षांत मी त्यांना माझ्यासमोर हसताना बघितलं नव्हतं. “सारखं तोंड बाहुलीनं ऱ्हास,” त्या म्हणाल्या. मग भिंतीला टेकून बसल्या, पदर मागे घेतला आणि माझ्या दिशेने हात पुढे केला. “बठ आठे. मन्हं तोंड धर.”

मी हलले नाही. सासूच्या पायाला हात लावायचा असतो, तोंडाला नाही. त्यांनी अंदाजाने माझं मनगट पकडलं आणि माझी बोटं स्वतःच्या गालावर ठेवली.

मला वाटलं होतं, हा चेहरा हाताला कडक लागेल. लिहायला लाज वाटते, पण तसं वाटलं होतं खरं. गाल मऊ होता, गरम होता, आणि थोडा थरथरत होता. त्यांनाही ते सोपं जात नसणार.

मग त्या माझा हात हातात धरून सांगत गेल्या. त्यांची अहिराणी मला तेव्हा सगळी समजत नसे, पण बोटांना समजत होतं. एका डोळ्याच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत जेवढी जागा, तिथे बरोबर आणखी एक डोळा बसेल. नाकाच्या पाकळ्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांखाली उतरतात. ओठांची टोकं शोधायची तर बुबुळाच्या सरळ खाली या. कान भुवईपाशी सुरू होतो आणि नाकाच्या शेंड्यापाशी संपतो, म्हणून नथ नि कानातलं एका ओळीत लोंबतं. हे सगळं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शेकडो बाळांची तोंडं तेल लावून लावून त्यांच्या हातांना ठाऊक झालं होतं.

“लेकरूना डोया खाले ऱ्हातस,” त्या म्हणाल्या. तान्ह्या बाळाचे डोळे निम्म्याच्याही खाली असतात, वर सगळं डोकंच डोकं. मूल मोठं होतं तसं तोंड खाली खाली वाढत जातं, आणि माणूस मोठा झाला की डोळे मधोमध येतात. “कानबाई काय लेकरू शे? ती संसारनी बाई शे. तिना डोया मधमा.”

पुढे बऱ्याच वर्षांनी मी चित्रकलेच्या वर्गाला गेले तेव्हा तिथल्या सरांनी फळ्यावर बाळाचं आणि मोठ्याचं डोकं शेजारी शेजारी काढून हेच सांगितलं. मी वहीत काही लिहिलं नाही, नुसती बसून राहिले. डोळे भरून आले होते, अक्षरं दिसत नव्हती.

शेवटी त्यांनी माझी दोन्ही बोटं स्वतःच्या दोन भुवयांवर ठेवली. डावी भुवई जरा वर होती. डाव्या बाजूच्या दोन दाढा पडलेल्या, म्हणून तो गाल आत गेलेला. ओठाचा उजवा कोपरा किंचित खाली. एवढी वर्षं मी समजत होते की या बाई माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतात. ते वाकडं मुळातच होतं. मी हे त्यांना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की माझी बोटं त्यांच्या गालावरून घसरली. मग मीही हसले. त्या खोलीत आम्ही दोघी एकदम हसलो तो पहिलाच प्रसंग, आणि त्यासाठी मी त्या बाईंची जन्माची ऋणी आहे, चित्र राहिलं बाजूला.

पुढचे आठ-दहा दिवस आमची शाळा रोज दुपारी भरायची. मी स्टुडिओतून लवकर निघायला लागले. नारळावर काढायचं, पुसायचं, पुन्हा लेप. बिघडलेले नारळ फोडावे लागायचे, म्हणून घरात खोबऱ्याची चटणी, खोबरं घालून भाजी, खोबरं घालून पोहे. “कुणाला डोहाळे लागलेत का?” असं नवऱ्याने एकदा विचारलं. सासूबाईंनी त्याला गप्प केलं आणि मी भांड्यांत तोंड घातलं.

प्रत्येक नारळ झाला की सासूबाई विचारायच्या, कोणासारखी दिसते? पहिल्या तीन-चार वेळी मी म्हटलं, कोणासारखीच नाही. पाचव्याला म्हटलं, समोरच्या खोलीतल्या पिठवालीसारखी. त्या खूश झाल्या. कोणासारखं तरी दिसलं की तोंड झालं, असं त्यांचं माप होतं. माझी चित्रं मी आजही याच मापाने पारखते.

रविवार उजाडला. सकाळीच नवरा केळीचे खांब आणायला गेला, सासरे मंडप बांधायला. सासूबाईंनी दार लोटून घेतलं, दाराकडे पाठ करून बसल्या आणि नारळ मांडीवर धरला, की कोणी डोकावलं तर त्याच करताहेत असं वाटावं. मी त्यांच्यासमोर भिंतीच्या बाजूला. भुवया काढल्या, डावी केसभर वर ठेवली. डोळ्यांच्या कडा ओढल्या. बुबुळं शेवटी. चुकलं असतं तर पुन्हा लेप वाळायला वेळ नव्हता, आणि चुलतसासूबाई बारा वाजायच्या आत येणार होत्या. आल्या आल्या त्या आधी तोंड बघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोट ठेवायला जागा मिळाली असती तर पुढच्या वर्षी कानबाई पत्र्याच्या शेडमध्ये गेली असती, आणि सासूबाईंना उरलं असतं ते फक्त घर आणि मोरी.

“श्वास सोड,” सासूबाई हळूच म्हणाल्या. मी सोडला आणि बुबुळं टेकवली.

चौरंगावर कानबाई बसली. साडी नेसवली, नथ घातली, गळ्यात दागिने. खोली भरत गेली. इच्छापोरच्या नणंदा, चलथाणचे दीर, पोरंसोरं. मग चुलतसासूबाई आल्या. चपला काढून सरळ चौरंगापाशी गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि कानबाईच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी. माझं सगळं लक्ष त्यांच्या मानेकडे.

“बाई,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला होता, “तुमना हात काई थकना नही हो. डोया तं जित्ता शेतस.”

जिंकलो होतो. कोणाला काही कळलं नव्हतं. आता फक्त सासूबाईंनी मान डोलवायची आणि आरती सुरू व्हायची. त्या भिंतीशी ताठ बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसले, त्यांना दिसणार नाही हे विसरून.

“हात मन्हा नही,” सासूबाई म्हणाल्या.

चुलतसासूबाई गर्रकन मागे वळल्या.

“औंदा डोया मन्ही सूननी काढेल शेतस. माले दखास नही. दोन महिना व्हयनात.”

नवरा केळीच्या खांबाला दोरी बांधत होता, त्याचा हात तिथेच राहिला. सासरे ओट्यावरून आत आले. मला काही दिसेनासं झालं. ‘मन्ही सून’. कोणी मागितलं नव्हतं, गरज नव्हती, उलट गप्प राहण्यात सगळा फायदा होता. चार वर्षं ज्याची वाट बघतोय हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते त्यांनी भाऊबंदांच्या भरल्या खोलीत, कानबाईसमोर, आपला मान पणाला लावून देऊन टाकलं.

चुलतसासूबाई पुन्हा वाकल्या. पुन्हा एकदा ते तोंड बघितलं, आणि या वेळी जास्त वेळ. मग वळून माझ्याकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, जणू मी आजच या घरात आले होते.

“मंग पुढला सालले बी हाईच काढी का?” त्यांनी सासूबाईंना विचारलं.

“माले काय इचारस?” सासूबाई म्हणाल्या. “तिले इचार.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. मी नुसती मान हलवली, जोरजोरात, दोनदा.

सासूबाईंचा चेहरा मी उभी होते त्याच्या जरा बाजूला वळला.

“काय म्हने ती?” त्यांनी विचारलं.

“हो म्हणते, आई,” मी मोठ्याने सांगितलं. “मी काढीन.”